घाना आणि इथिओपिया : पूर्वप्राथमिक पटनोंदणीची तुलना आणि एक चुकलेला आलेख

आकडेवेडा

गेले दोन आठवडे मी घाना आणि इथिओपिया या दोन देशांतील पूर्वप्राथमिक पटनोंदणीचे आकडे एका आलेखावर मांडत होतो. हेच दोन देश निवडण्याचे कारण साधे आहे. एप्रिल २००० मध्ये सेनेगलमधील डाकार येथे भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेत जी सहा उद्दिष्टे ठरली, त्यांतील पहिलेच उद्दिष्ट बालसंगोपन आणि बालशिक्षणाच्या विस्ताराचे होते. त्या वेळी या दोन्ही देशांना मोठी मजल मारायची होती. घानामध्ये पूर्वप्राथमिक पटनोंदणीचा दर तेव्हा निम्म्याच्या आत होता आणि इथिओपियामध्ये तो जवळजवळ नसल्यात जमा होता.

मी वापरलेला आकडा ढोबळ पटनोंदणी दराचा आहे. पूर्वप्राथमिक वर्गांच्या पटावर असलेली सगळी मुले, मग त्यांचे वय काहीही असो, अंशस्थानी घ्यायची. त्या टप्प्यासाठी सरकारने ठरवलेल्या वयोगटातील एकूण मुले छेदस्थानी घ्यायची आणि शंभराने गुणायचे.

घानाची रेषा समजायला सोपी आहे. २००४ मध्ये बालसंगोपन आणि बालविकासाचे राष्ट्रीय धोरण आले. २००५-०६ पासून प्रत्येक सरकारी शाळेला पटावरील मुलांच्या संख्येनुसार अनुदान मिळू लागले आणि त्याच्या बदल्यात शाळांनी फी घेणे बंद करावे, असे ठरले. २००७ च्या शिक्षण सुधारणेने किंडरगार्टनची दोन वर्षे मूलभूत शिक्षणात आणली आणि २००८ च्या शिक्षण कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. परिणामी दोन वर्षे किंडरगार्टन, सहा वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक असे अकरा वर्षांचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. २००७-०८ मध्ये दर ९० च्या आसपास होता आणि पुढच्या दशकात तो ११० च्याही पुढे गेला.

इथिओपियाची रेषा मात्र मला चकित करून गेली. २००३ मध्ये दर सुमारे ५, २००४ मध्ये एकदम २२ च्या घरात, मग २६, ३४ आणि २००७ मध्ये ३९. याचा अर्थ डाकारच्या ठरावाला अधिक तत्परतेने प्रतिसाद दिला तो गरीब असलेल्या इथिओपियाने, आणि घानाचा कायदा होण्याआधीच तेथील चढ पूर्ण होत आला होता. हा निष्कर्ष जाणकारांना पटतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.

सरळवाचक

मांडणी आवडली. एक बाळबोध शंका आहे. शंभर मुलांपैकी एकशे दहा मुले शाळेत कशी काय असू शकतात?

छेदस्थान

शंका बाळबोध नाही, या सगळ्या चर्चेची ती नस आहे. छेदात फक्त चार आणि पाच वर्षांची मुले आहेत, पण वर्गात साडेतीन वर्षांचे मूलही बसलेले असते आणि सात वर्षांचेही. घरी सांभाळायला कोणी नसल्याने धाकट्याला लवकर पाठवणारे पालक असतात. शाळा लांब असल्याने मूल चालण्याइतके दणकट होईपर्यंत थांबणारेही असतात. दोघांचीही मुले अंशात मोजली जातात, छेदात मात्र त्यांना जागा नाही. घानाचा निव्वळ दर, म्हणजे योग्य वयाच्या मुलांपैकी किती जण या वर्गांत आहेत हे सांगणारा आकडा, ढोबळ दरापेक्षा नेहमीच बराच खाली राहिलेला आहे. तेव्हा ११० हा आकडा पाहून सगळी मुले शाळेत आली असे समजू नये. काही मुले अजून बाहेर आहेत आणि आत असलेल्यांपैकी अनेकांचे वय जुळत नाही, असेच बहुधा त्याचे वाचन करावे लागते.

मूळ लेखातील एका गोष्टीकडेही लक्ष वेधतो. घानाचा छेद दोन वर्षांच्या मुलांचा आहे. इथिओपियात प्राथमिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि या आकडेवारीत पूर्वप्राथमिक वयोगट चार ते सहा असा तीन वर्षांचा धरलेला आहे. दोन रेषा एका कागदावर काढल्या तरी त्या एकाच मापाने मोजलेल्या नाहीत.

पठारी

आकडेवेडा यांनी कष्ट घेतले आहेत याबद्दल दुमत नाही, म्हणूनच पुढचे लिहिताना थोडा संकोच वाटतो. तुमच्या आलेखातील इथिओपियाची २००३ ते २००७ ही वर्षे इसवी सनाची नाहीत.

इथिओपियाची स्वतःची कालगणना आहे. तेथील वर्ष मेस्केरेम महिन्यात, म्हणजे आपल्या ११ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि ते इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते. शिक्षण मंत्रालयाची वार्षिक आकडेवारी त्याच सनांत असते. तिच्यातले २००३ म्हणजे आपले २०१०-११. मी काही वर्षे नोकरीनिमित्त अदिस अबाबात राहिलो आहे. पहिल्या महिन्यात वीजबिलावरचे सन पाहून मीही आठ वर्षांची थकबाकी आली की काय या विचाराने हबकलो होतो.

तुमचा २००३ चा ५ हा आकडा २०१०-११ चा आहे आणि २२ हा २०११-१२ चा. ती उडी डाकारनंतर लगेच आलेली नाही, तिचे कारण त्याच सुमाराला घडलेले आहे. २०१० मध्ये शिक्षण, आरोग्य आणि महिला व्यवहार या तीन मंत्रालयांनी मिळून बालशिक्षणाची राष्ट्रीय धोरणचौकट तयार केली. तिच्यातून 'ओ-क्लास' मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. ओ म्हणजे शून्य. पहिलीच्या आधीची शून्यावी इयत्ता, जी वेगळी इमारत न बांधता सरकारी प्राथमिक शाळेतच एखादी खोली काढून भरवायची. त्याआधी इथिओपियात किंडरगार्टन म्हणजे शहरी आणि मुख्यतः खासगी मामला होता. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला तो शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते.

आकडेवेडा

चूक शंभर टक्के मान्य. आत्ता मूळ तक्ता पुन्हा उघडून पाहिला. शीर्षकात दोन्ही सने शेजारी शेजारी दिलेली आहेत. स्तंभांची नावे आखडती करताना मीच कंसातील इसवी सन काढून टाकले होते. शिवाय १९९९ ते २००२ चे आकडे मी आंतरराष्ट्रीय संकलनातून घेतले आणि पुढचे मंत्रालयाच्या तक्त्यातून, त्यामुळे सांध्यावर काही खटकलेही नाही. पाचच्या आतली रेषा पाचच्या आसपासच्या रेषेला अशी बेमालूम जुळली की, मधली आठ वर्षे गायब झाल्याचे मला कळलेच नाही. पठारी, मनापासून आभार.

वर्षे दुरुस्त केल्यावर कथा उलटी होते. घानाचा चढ आधीचा आहे आणि इथिओपियाचा नंतरचा, पण कितीतरी जास्त उभा. २०१५-१६ पर्यंत इथिओपिया निम्म्याच्या जवळ आलेला दिसतो. ज्या मजलेला घानाला पुष्कळ अधिक काळ लागला, ती इथिओपियाने पाच-सहा वर्षांत गाठली, असे तरी आता म्हणता येईल ना?

छेदस्थान

म्हणता येईल, पण बेताने. कागदावर एक छोटे गणित करून पाहू.

समजा, एखाद्या भागात चार, पाच आणि सहा या प्रत्येक वयाची शंभर मुले आहेत, म्हणजे छेद तीनशे. तेथे ओ-क्लास आहे आणि तो एकच वर्षाचा आहे. सहा वर्षांची सगळीच्या सगळी मुले, एकही न चुकता, या वर्गात आली तरी अंश शंभर आणि दर सुमारे ३३ होईल. याहून चांगली अंमलबजावणी शक्य नाही, तरीही आलेखावर हा भाग 'एक तृतीयांश' म्हणून दिसेल. आता अशीच पूर्ण अंमलबजावणी घानाच्या पद्धतीने मोजा. तेथे छेद दोन वर्षांचा आणि वर्गही दोन वर्षांचे, त्यामुळे पूर्ण अंमलबजावणीचा दर १०० येतो. इथिओपियाच्या ३९ किंवा ५० या आकड्यांकडे घानाच्या १०० च्या पट्टीने पाहणे त्या देशावर अन्यायाचे आहे.

दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. एकवर्षीय वर्गाच्या बळावर दर ३३ च्या पुढे गेला, याचा अर्थ अंशात सहा वर्षांच्या मुलांखेरीज इतरही आहेत. शहरांतील तीन वर्षांच्या किंडरगार्टनची मुले आहेत, ओ-क्लासमध्ये येऊन बसलेली चार-पाच आणि सात-आठ वर्षांचीही आहेत. शिवाय 'मुलाकडून मुलाकडे' नावाच्या उपक्रमातील मुलेही मंत्रालयाने त्या काळात पूर्वप्राथमिकच्या एकूण आकड्यात धरली. या उपक्रमात वरच्या इयत्तांतील विद्यार्थी आपल्या वाडीतील लहानग्यांना खेळांतून अक्षरे आणि अंक शिकवतात. उपक्रम चांगलाच आहे, पण प्रशिक्षित शिक्षिकेसमोर वर्षभर बसलेले मूल आणि शेजारच्या ताईबरोबर आठवड्यातून काही वेळ खेळलेले मूल ही तक्त्यात एक अधिक एक अशी मिळवली जातात.

अजून एक तर्क मांडतो. ओ-क्लासच्या आधी इथिओपियात पहिलीतील प्रवेशाचा ढोबळ दर शंभराच्या बराच वर असे आणि पहिलीतूनच मोठी गळती होई. सात वर्षांची न झालेली पुष्कळ मुले भावंडांबरोबर पहिलीत येऊन बसत होती. शून्यावी इयत्ता निघाल्यावर त्यांतील काही मुले शेजारच्या खोलीत गेली असणार. पटनोंदणी वाढली हे खरे, पण सगळीच मुले घरातून नव्याने आली असे नाही. काही जण केवळ एका हजेरीपटावरून दुसऱ्यावर गेले.

बालवर्गशिक्षिका

मी आकडेशास्त्राची नाही, वर्गातील आहे, म्हणून वेगळ्या अंगाने विचारते. पठारी यांनी तो ओ-क्लास प्रत्यक्ष पाहिला आहे का? एका प्राथमिक शाळेतील खोली आणि चार-पाच वर्षांचे मूल या दोन गोष्टी एकमेकींना सहज मानवत नाहीत, हे मला अनुभवाने माहीत आहे.

पठारी

ताई, एकदा पाहिला आहे. शहराबाहेरच्या एका शाळेत, तिचे नाव येथे लिहीत नाही. बाके सहावी-सातवीतील मुलांसाठी बनवलेली होती. पहिल्या रांगेतील पाचही मुलांचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते आणि त्यांतील एक मुलगी तास चालू असताना सतत एका पायाची चप्पल पाडत होती, खाली उतरून ती घालत होती आणि पुन्हा चढून बसत होती. भिंतीवर फिदेलचा, म्हणजे अम्हारिक लिपीच्या अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. आपल्या बाराखडीसारख्याच त्याच्या रांगा असतात, फक्त प्रत्येक व्यंजनाची रूपे सात. शिक्षिका छडीने अक्षर दाखवत होत्या आणि वर्ग एका सुरात म्हणत होता. खेळणे म्हणावे अशी एकच वस्तू होती, बाटल्यांची झाकणे दोऱ्यात ओवून केलेली मणीमाळ, तीही शिक्षिकेच्या टेबलावर. त्या बाई मनापासून शिकवत होत्या. पण त्यांचे प्रशिक्षण प्राथमिकच्या वर्गांसाठीचे होते आणि या वर्गावर त्यांना नेमण्यात आले होते ते, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'दुसरे कोणी नव्हते म्हणून'.

या विषयाला जोडूनच एक गोष्ट सांगतो, जी कोणत्याच तक्त्यात नाही. इथिओपियात लहान मुलांना अक्षरओळख करून देण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारात पुजारी मुलांना फिदेल घोकून घेत आले आहेत आणि मुस्लिम वस्त्यांत कुराण शाळा आहेत. आंतरराष्ट्रीय तक्त्यात इथिओपियाचा दर ५ दिसत होता तेव्हाही या ठिकाणी मुले बसलेलीच होती. सरकारी व्याख्येत ती 'पूर्वप्राथमिक' नव्हती, एवढेच.

बालवर्गशिक्षिका

आभार. ती चप्पल पाडणारी मुलगी मी ओळखते, दर वर्षी माझ्या वर्गात एक असतेच.

घानाबद्दल मी थोडे वाचले आहे, ते येथे उपयोगी पडेल. तेथे पटाचा प्रश्न बराचसा सुटल्यावर चर्चा वर्गात काय चालते याकडे वळली. २०१५-१६ मध्ये ग्रेटर अक्रा या राजधानीच्या भागातील २४० सरकारी व खासगी शाळांत एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांतील किंडरगार्टन शिक्षकांना खेळातून शिकवण्याचे प्रशिक्षण दिले, काही शाळांत त्या प्रशिक्षणाच्या जोडीला पालकांच्या जागृती सभाही घेतल्या आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी जशा होत्या तशा ठेवल्या. नुसत्या प्रशिक्षणाने वर्गातील वातावरण सुधारले आणि मुलांची शाळापूर्व तयारीही वाढली. पालकसभांची जोड दिली त्या शाळांत मात्र मुलांना हा फायदा झालेला दिसला नाही. सभांमुळे भर पडेल, असाच कोणाचाही अंदाज असता.

मला याचे नवल वाटले नाही. पालकांच्या लेखी शाळा म्हणजे पाटी आणि वही. मुले गाणी म्हणत आणि ठोकळे रचत बसलेली दिसली की 'फी कशाची घेता?' हा प्रश्न ठरलेला. सभेत खेळाचे महत्त्व सांगितल्याने तो प्रश्न मिटतो असे नाही. कधी कधी त्यालाच तोंड फुटते. हा माझा अंदाज आहे, प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून वाचू नये.

सरळवाचक

इतके सगळे वाचल्यावर माझ्यासारख्याला एकच प्रश्न पडतो. मग हे दर बाजूला ठेवून तुलनाच सोडून द्यावी का? प्रत्येक आकड्यामागे इतके 'पण' असतील तर घाना पुढे आहे एवढेही विधान करता येणार नाही.

छेदस्थान

घाना पुढे आहे, हे विधान खुशाल करावे. कोणत्याही मापाने ते खरेच ठरते. अडचण आहे ती 'किती पुढे' आणि 'कोण अधिक वेगाने' या दोन प्रश्नांची, आणि तीही बरीचशी कमी करता येते.

२०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत यासाठी वेगळे माप घेतले आहे. प्राथमिक प्रवेशाच्या अधिकृत वयाच्या बरोबर एक वर्ष आधीच्या मुलांपैकी किती मुले कोणत्या ना कोणत्या संघटित शिक्षणात आहेत, एवढेच ते विचारते. घानासाठी ते वय पाच आणि इथिओपियासाठी सहा. छेद दोन्हीकडे एकाच वर्षाच्या मुलांचा होतो आणि दोन वर्षे विरुद्ध तीन वर्षे ही भानगड मिटते. त्या वयाचे मूल पूर्वप्राथमिकमध्ये न बसता पहिलीत बसले असेल तरी ते मोजले जाते, त्यामुळे मघाच्या 'शेजारच्या खोलीतील' मुलांचा प्रश्नही सुटतो. उणीव इतकीच की, हे माप जुन्या वर्षांसाठी तितके सलग मिळत नाही.

दुसरी वाट घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांची. शाळेने भरलेल्या पटात वाढीव नावे असू शकतात, विशेषतः अनुदान डोक्यामागे मिळत असेल तेव्हा. घानाचे शाळा अनुदान सुरुवातीला मुलामागे वर्षाला ३ सेडी (घानाचे चलन) होते आणि पुढे ४.५० झाले. रक्कम लहान आहे, पण शाळेकडे दुसरा रोख पैसा नसेल तर हजेरीपटावरील प्रत्येक नावाला किंमत येते. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही; मोजणारा आणि लाभार्थी एकच असेल तर आकडा वरच्या बाजूला झुकतो, इतकेच. घरी जाऊन आईला विचारले की हा प्रश्न उरत नाही.

तिसरी गोष्ट लोकसंख्येची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. छेद कोठून येतो? जनगणनेतून. घानाने २०००, २०१० आणि २०२१ मध्ये जनगणना केली. इथिओपियाची शेवटची जनगणना २००७ ची. पुढची २०१७ मध्ये ठरली होती, पण ती पुन्हा पुन्हा लांबणीवर पडली. त्यामुळे ओ-क्लासची सगळी वाढ २००७ च्या मोजणीवरून पुढे नेलेल्या अंदाजांनी भागलेली आहे. त्या अंदाजात चार ते सहा वर्षांची मुले दहा टक्क्यांनी कमी धरली गेली असतील तर ५० चा दर प्रत्यक्षात ४५ च असेल. जितके वर्ष नवे, तितका छेद जुन्या मोजणीपासून दूर. मी असतो तर आलेखावर जनगणनेच्या वर्षी एक उभी रेघ मारली असती.

आकडेवेडा

आलेख आज नव्याने काढला. इथिओपियाची सने बदलली आहेत. दोन रेषा एकाच चौकटीत न ठेवता एकाखाली एक अशा दोन चौकटी केल्या. प्रत्येकीच्या डाव्या बाजूला त्या देशाचा वयोगट लिहिला आणि इथिओपियाच्या चौकटीत ३३ वर एक फिकट आडवी रेघ ओढली, जेणेकरून एकवर्षीय वर्गाची कमाल मर्यादा वाचकाला दिसावी. छेदस्थान यांनी सुचवलेल्या जनगणनेच्या उभ्या रेघाही आहेत.

हे करताना घानाबाबत माझे आणखी एक मत बदलले. मी सगळे श्रेय २००८ च्या कायद्याला देऊन बसलो होतो. रेषा नीट पाहिली तर मोठा चढ २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे शाळा अनुदानाच्या आगेमागे आहे. कायदा झाला तेव्हा दर ९० च्या आसपास पोहोचलेलाच होता. सक्तीपेक्षा फी बंद होण्याचा वाटा मोठा असावा, असे मला आता वाटते.

एक पेच मात्र राहिला. घानात मार्च २०२० मध्ये बंद झालेले लहान मुलांचे वर्ग थेट जानेवारी २०२१ मध्ये उघडले, पण निदान आकडे संपूर्ण देशाचे आहेत. इथिओपियात नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात तिग्राय हा प्रांत युद्धात होरपळत होता आणि तेथील शाळांचे आकडे राष्ट्रीय बेरजेत आलेच नाहीत. त्या वर्षांचा दर काढता येतो, पण तो एक प्रांत वगळून राहिलेल्या देशाचा असतो. तेथे रेषा तुटक काढू की मध्ये मोकळी जागा सोडू?

पठारी

मोकळी जागा सोडा. तुटक रेषा काढली की डोळा ती आपोआप जोडून घेतो.